बॉनेटखालचा इतिहास

आमच्या हिंगोलीचा दसरा मोठा. खाकीबाबा मठाने एकोणिसाव्या शतकात सुरू केलेला हा उत्सव दीडशे वर्षे केव्हाच ओलांडून गेला, आणि रामलीला मैदानावर रावण जळताना पाहायला परभणी-वाशीमकडची माणसेही येतात. त्या दसऱ्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते त्याच्या आदल्या दिवसाविषयी, म्हणजे खंडेनवमीच्या सकाळविषयी. आणि तेही एका क्षुल्लक दिसणाऱ्या कामाविषयी. घरच्या गाडीचे बॉनेट उघडून आतला मळ काढणे, हे ते काम.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी इतिहासावर लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हिंगोलीची जुनी छावणी असावी, किंवा नामदेवांची नरसी. दोन्ही विषय थोर आहेत. पण मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर. शाळेत इतिहास शिकवतो आणि घरी कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे इतिहासकार मला आपला मानीत नाहीत आणि कादंबरीकारही जरा दूरच बसतात. अशा माणसाने सनदा-फर्मानांच्या वाटेला न जाता आपल्या अंगणातला इतिहास सांगावा हे बरे. शिवाय या विषयात माझे एक देणे आहे. पस्तीसहून अधिक वर्षे ते राहून गेले आहे.

खंडेनवमीला शस्त्रे पुजावीत असा शिरस्ता. पण शस्त्रे आता कुणाच्या घरी? शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, सुतार करवत-रंधा पुजतो, एस.टी.च्या आगारात बसगाड्यांना झेंडूच्या माळा चढतात. पुजायची वस्तू आधी धुवायची, हे ओघानेच आले. हा धडा आपण बैलाकडून घेतला असे मला वाटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी होते; जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. बैल नदीवर नेऊन धुवायचा, पण त्याच्या कानात पाणी जाऊ द्यायचे नाही, हे आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते. मोटार आली तेव्हा तिचे कान कुठे असतात हे मात्र कुणाला ठाऊक नव्हते.

मोटार मुंबईत आली ती १८९८ च्या सुमारास. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. सामान्य माणसाला मोटारीत बसायला मिळाले ते पुढे बस आल्यावर. १९३२ च्या जूनमध्ये निजामाच्या रेल्वेखात्याने सत्तावीस बसगाड्या आणि एकशे सहासष्ट माणसे घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. तिकडे मुंबई राज्यात एस.टी.ची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे सोळा वर्षांनी. हे मी वर्गात जरा अभिमानानेच सांगतो. मुले विचारतात, "मग सर, आपले रस्ते असे का?" त्यावर मी पुढच्या धड्याकडे वळतो.

या गाड्यांबरोबर एक नवा माणूस गावोगाव दिसू लागला. ड्रायव्हरच्या शेजारी, पुष्कळदा बाहेर फळीवर लटकलेला, हातात तेलकट बोळा. त्याचे नाव 'क्लीनर'. आमच्या तोंडी त्याचा 'किन्नर' झाला, आणि स्वर्गातले गवय्ये मालमोटारीच्या टपावर येऊन बसले. दिवसभर तो ओझी चढवी, चाकाखाली दगड लावी, गाडी मागे घेताना "आन दे, आन दे" ओरडे. पण नाव पडले ते पुसण्यावरून. इंजिन स्वच्छ ठेवणे हे एका माणसाचे सबंध दिवसाचे काम होते, एवढे या एका शब्दावरून कळते. इंजिनांतून तेल गळायचेच. त्या तेलावर रस्त्याची माती बसे, मातीवर पुन्हा तेल, आणि महिन्याभरात त्याचा गुळाच्या ढेपेसारखा थर होई. थराखाली तडा गेला, नट सैल झाला, नळी झिरपू लागली, तर दिसणार कसे? किन्नर थर खरवडी तो दिसायला बरे म्हणून नव्हे, गळती कुठे आहे ते कळावे म्हणून.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या बसगाड्या निघाल्या. गाडीच्या मागे एक उंच भट्टी. तीत लोणारी कोळसा पेटवायचा, पंखा फिरवून निखारा फुलवायचा आणि निघणारा धूर गाळून इंजिनाला पाजायचा. किन्नराचे हाल कुत्रा खाईना. पहाटे उठून राख काढा, गाळणीत अडकलेली काजळी झटका, नळ्या मोकळ्या करा, मग कुठे गाडी खोकत खोकत निघे. तो गॅस विषारी. बंद जागेत भट्टी साफ करणे जिवावरचे काम होते. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'कोळशाची मोटार' अजून निघते ती हसण्यावारी. पण चालत्या यंत्राची साफसफाई उघड्यावर करायची, कोंदट जागेत नाही, हा धडा त्या काजळीतून आला, आणि पुढच्या पिढीला तो सांगायचे राहून गेले.

इथे थोडे मागे, आणि बरेच दूर जावे लागेल. ज्या माणसाने १८८६ साली मोटारीचे पेटंट घेतले त्या कार्ल बेंझची बायको बेर्था. तिने १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटर, मोटार नेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. एक तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच इंजिनाची साफसफाई आली, आणि ती घरच्याच बाईने घरच्याच सामानाने केली. पण मला त्या प्रवासातली निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. इंधन संपले तेव्हा ती वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानात गेली. तिथे लिग्रोइन नावाचा पेट्रोलाच्या जातीचा द्रव मिळे. तो औषधवाल्याकडे का असे? तर कपड्यांवरचे डाग काढायला!

मोटारीच्या पोटात जाण्यापूर्वी पेट्रोलाची जात डाग काढण्यासाठी बाटलीत विकली जात होती. तेव्हा पेट्रोलने इंजिन धुणारे आमच्याकडचे ड्रायव्हर-किन्नर अगदीच अडाणी होते असे मी म्हणणार नाही. पेट्रोल चिकट्याला खरोखरच कापते. क्षणात वाळते, ओल ठेवत नाही, आणि जवळ असतेच. त्याच्या वाफेचे काय होते एवढे मात्र त्यांना कुणी सांगितले नाही.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपा आणि मालमोटारी लिलावात निघाल्या. त्यांना 'डिस्पोजलच्या गाड्या' म्हणत. नंतर मुंबईत माझगावला विलीज बनावटीच्या जीपा जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढे त्या इथेच तयार होऊ लागल्या. मराठवाड्याच्या काळ्या चिखलाला ही गाडी मानवली. तहसीलदारांपासून बियाण्याच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळे तिच्यात हिंदकळले. बॉनेट उघडले की सगळे इंजिन पुस्तकासारखे समोर: इकडे कार्ब्युरेटर, तिकडे डायनॅमो, कॉईल, आणि ज्याच्या टोपीतून प्लगांकडे जाड तारा निघतात तो डिस्ट्रिब्युटर. हा डिस्ट्रिब्युटर म्हणजे मोटारीचा कान. त्याच्या टोपीत ओल गेली की ठिणगी भलतीकडेच पळते आणि धट्टीकट्टी गाडी मुकी होते. सैन्याला हे पक्के ठाऊक होते. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यातून गाड्या उतरवायच्या होत्या, तेव्हा सैनिकांनी हजारो गाड्यांची विजेची अंगे ग्रीसच्या लांबीने आणि पट्ट्यांनी लिंपून काढली होती. आणि काठावर पोचताच ते लिंपण काढून टाकण्याची सक्त ताकीद होती, कारण झाकलेले इंजिन तापून बिघडते. झाकण्याइतकेच उघडण्याला महत्त्व. ही गोष्ट मी पुढे पुस्तकात वाचली. त्याआधी ती मला मोठेबाबांनी, नॉर्मंडीचे नावही न ऐकता, शिकवली होती.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वरची धरणे उठत होती, त्या दिवसांत ते खडी वाहणाऱ्या एका मालमोटारीवर किन्नर म्हणून लागले. वय असेल चौदा-पंधरा. शाळेत बसवेना म्हणून गेले आणि पुढे ड्रायव्हर होऊन परतले. १९८५ च्या आसपास त्यांनी एक जुनी, पेट्रोलवर चालणारी जीप घेतली आणि औंढा-हिंगोली रस्त्यावर उतारू नेऊ लागले. श्रावणी सोमवारी नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी इतकी, की स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत. घरात तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस नि ज्वारी. खरा दाणापाणी त्या जीपने आणला. माझी पुस्तके-वह्यासुद्धा तिच्याच पैशांतून आल्या. म्हणून खंडेनवमीला तिचा थाट बैलापेक्षा कमी नसे.

१९८९ ची खंडेनवमी. मी नऊ वर्षांचा. सकाळपासून मोठेबाबा अंगणात बॉनेट उघडून बसले होते. एका मोगऱ्यात पेट्रोल, त्यात बुडवलेला जुना ब्रश, आणि खांद्यावर धोतराचे फडके. आदल्या रात्री उशिरा खेप करून आले होते. इंजिन पुरते निवलेलेही नसावे. मला काम एकच: पूजेचे ताट आणायचे. हळद-कुंकू, झेंडू, नारळ, आणि निरांजन. आईने ते निरांजन घरात ठेवले होते, वेळ झाल्यावर लावू म्हणून. मी ते लावून घेतले. मला घाई होती. ताट लवकर पोचवले की जीपमध्ये बसून गावातून एक फेरी मिळे. मी ताट आणले आणि गाडीपासून चार-पाच हातांवर, जमिनीवर ठेवले. जवळ नेले नाही, एवढी अक्कल होती.

पुढे काय झाले ते मला चित्रासारखे आठवते आणि तरी सांगता येत नाही. दिवा गाडीकडे गेला नाही, गाडीच दिव्याकडे आली म्हणावे. जमिनीवरून एक निळसर रेघ सरपटत गेल्यासारखी दिसली, आणि मग 'भप्प' असा आवाज. मोठेबाबांचा उजवा हात कोपरापर्यंत पेटला होता. वडिलांनी अंगावर गोधडी टाकली, शेजाऱ्यांनी माती लोटली. जीप वाचली. हात वाचला, पण बोटे आखडली ती कायमचीच. दोन महिने दवाखाना, एक बैल विकला, आणि त्या वर्षी दसऱ्याला आमच्या घरी सोने वाटायला कुणी आले नाही.

लोक विचारत, कसे झाले? मोठेबाबा सांगत, "वारं सुटलं. चुलीतली ठिणगी आली आसंल." आईला संशय होता. वडिलांनाही असावा. पण ज्याचा हात गेला तोच वाऱ्यावर घालत होता, तेव्हा पुढे कोण विचारणार? मी आजवर हे कुठे लिहिले नव्हते. माझ्या कादंबऱ्यांत तीन आगी आहेत, आणि तिन्ही दुसऱ्याच कुणी लावलेल्या.

पेट्रोलाची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, हे मी पुढे एका मित्राच्या रसायनाच्या पुस्तकात वाचले. वर उडून न जाता ती पाण्यासारखी जमिनीवर पसरते आणि उताराकडे वाहते. शून्याखाली सुमारे चाळीस अंशांपर्यंतही ती पेट घेण्याजोगी असते. म्हणजे आपल्याकडे तिला पेटू न देणारी थंडी कधी पडतच नाही. रॉकेल त्या मानाने सोशिक. पण त्याचीही मर्यादा पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासच असते, आणि आमचा वैशाख त्रेचाळीसला जातो! त्यात इंजिन गरम असेल तर रॉकेल आणि पेट्रोल यांत फरक करण्यात अर्थ नाही. 'रॉकेलने धुतले तर काही होत नाही' असे छातीठोक सांगणारे अजून भेटतात. त्यांना मी मोठेबाबांच्या हाताकडे पाहायला सांगत नाही, ते बरे दिसत नाही. हे आकडे तेवढे सांगतो.

आगीचे युग हळूहळू सरले. पेट्रोलच्या जीपा जाऊन डिझेलच्या आल्या, रेशनचे रॉकेल दुर्मीळ झाले, आणि गावोगाव गाडी धुण्याचे रॅम्प उभे राहिले. जर्मनीत आल्फ्रेड कार्शर याने १९५० साली उच्च दाबाने गरम पाणी मारणारे यंत्र काढले होते. त्याच जातीची लहान यंत्रे हल्ली कुणाच्याही घरी येतात. माणूस आगीला भितो. पाण्याला कोण भिणार? आणि नेमक्या याच काळात गाडीचे कान वाढले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या मोटारींच्या धुरावर कडक बंधन घातले. तसलेच नियम पुढे देशभर आले आणि १ एप्रिल २०२० पासून सहावी पायरी लागू झाली. धूर कमी व्हायचा तर इंधन थेंबाथेंबाने मोजून सोडावे लागते. म्हणून कार्ब्युरेटर गेला, डिस्ट्रिब्युटर गेला, आणि त्यांच्या जागी संगणकाची पेटी, तऱ्हेतऱ्हेचे सेन्सर आणि डझनावारी प्लास्टिकचे जोड आले. जीपच्या डिस्ट्रिब्युटरात पाणी गेले तर टोपी काढून फडक्याने पुसायची, की गाडी सुरू. आताच्या जोडात गेलेले पाणी आठ दिवसांनी हिरवा गंज होऊन बोलते, आणि तेव्हा धुतल्याची आठवणही उरलेली नसते. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची गाडी दाबाच्या पाण्याने बॉनेटखालून लख्ख धुऊन आली. दोन दिवस थरथरली आणि तिसऱ्या दिवशी बसली. बिल ऐकून ते गृहस्थही बसले.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला माझा मुलगा असलेच एक यंत्र मित्राकडून घेऊन आला. तो आय.टी.आय.त मोटार मेकॅनिकचे शिकतो, त्यामुळे घरात त्याचा शब्द माझ्यापेक्षा वजनदार. आमची गाडी जुनीच, दुसऱ्याकडून घेतलेली, पेट्रोलची. अंगणात बाजेवर मोठेबाबा बसलेले. पंच्याहत्तरी उलटली आहे. कान तिखट, नजर मंद.

"त्यातून पाणी किती जोरानं येतं रे?" त्यांनी विचारले.

"शंभर बारच्या वर, आबा."

"आन् चाकात हवा किती आसती?"

मुलगा थांबला. "दोन-सव्वादोन."

"मग ते भिंतीला मार. इंजिनाला नको."

यंत्र बाजूला पडले ते पडलेच. पाण्याचाही प्रश्न होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मराठवाड्याच्या माणसाला बॉनेटखाली पाण्याचा लोट सोडणे त्यानंतर तरी शोभत नाही. पुढचे सगळे काम दोन बादल्यांत झाले. ते मोठेबाबांच्या तोंडून आणि मुलाच्या हातून कसे झाले ते सांगतो, कारण खंडेनवमीला हेच काम काढणारे वाचक पुष्कळ असतील.

गाडी उघड्यावर, सावलीत. आदल्या संध्याकाळपासून उभी, त्यामुळे इंजिनावर तळवा खुशाल टेकवता येत होता. तापल्या लोखंडावर गार पाणी पडले तर तडा जाण्याची भीती, आणि साबण जागच्या जागी वाळून डाग धरतो. किल्ली काढून मोठेबाबांच्या खिशात; कारण हल्लीच्या काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा गाडी बंद असतानाही अचानक फिरू लागतो. रेडिएटरचे झाकण उघडायचे कारणच नव्हते. हातातली अंगठी, कडे, मनगटावरचा लाल दोरा, सगळे उतरवले.

मग बॅटरी. "आधी बॉडीला जोडलेलं टोक सोड," मोठेबाबा म्हणाले. यात मोठे शहाणपण आहे. दुसरे टोक आधी सोडू लागलात आणि पान्हा चुकून पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते. आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीची वाटच पाहत असतो. हल्ली बॉडीला ऋण टोक असते. जुन्या कित्येक इंग्रजी गाड्यांत ते धन असे; म्हणून मोठेबाबा धन-ऋण म्हणतच नाहीत, बॉडीचे टोक म्हणतात. मुलाने माहितीपुस्तिका आधी वाचली होती, हे त्याचे शिक्षण. काही गाड्यांत बॅटरी सोडली की घड्याळ आणि रेडिओचा संकेतांक पुसला जातो. टोकांवर जमलेला पांढरा-हिरवा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसला.

पाण्याआधी कोरडी झाडझूड. हे काम लोक टाळतात, आणि निम्मा मळ यातच निघतो. मऊ ब्रशने काचेखालच्या पन्हळीतला पाला, बोंडाचे धागे, आणि एका कोपऱ्यात उंदराने केलेले कापसाचे घर. आमच्याकडे कापूस आहे, वसमतकडे हळदीचा पाचोळा आहे. हे वाळके सामान तापल्या एक्झॉस्टच्या नळीवर पडले की बिनपेट्रोलची आग. मुलाने तिथली एक तार कुरतडलेली दाखवली. धुण्याच्या लोटात ती कधी दिसली नसती.

त्यानंतर झाकणे. अल्टरनेटर, फ्यूजांची पेटी, संगणकाची पेटी, हवा आत घेणारे तोंड, अशा चार जागांना प्लास्टिकच्या पिशव्या, रबराने बांधून. "किती?" मोठेबाबांनी विचारले. "चार." मुलाने भिंतीवर खडूने चार रेघा ओढल्या; ही मोठेबाबांची जुनी खोड. पाण्यात मिसळणारा, न पेटणारा साबण फडक्याला लावून, खालून वर, थोडथोड्या भागात. वाळण्याआधीच ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा. पट्ट्यांवर साबण नाही, चकाकी आणणारे तेल तर नाहीच, ते पट्ट्याला घसरवते. जोडांवर ब्रश नाही, नुसते दमट फडके. निघालेले काळे पाणी नालीत न सोडता पसरट घमेल्यात घेतले, लाकडाच्या भुशात शोषवले आणि तो भुसा तेलकट चिंध्यांसह गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या पिंपाशेजारी पोचवला. आमची विहीर अंगणापासून वीस पावलांवर आहे. पूर्वी हे सगळे तिच्याकडेच झिरपत असे. त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

एक गोष्ट मुलाने मोठेबाबांना शिकवली. विजेवर किंवा अर्धी विजेवर चालणारी गाडी असेल, तर बॉनेटखाली जाड नारिंगी केबली दिसतात. त्यांत शेकडो व्होल्ट असतात, आणि घरच्या माणसाने त्यांच्या आसपास ओला हात नेऊ नये. मोठेबाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रंग तरी दिला त्यांनी. पेट्रोलाच्या वाफेला रंग नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मीही बादली उचलायला खाली वाकलो.

तासभर बॉनेट उघडे ठेवून वाळू दिले. दुपारी मुलाने बॅटरी जोडली, बॉडीचे टोक शेवटी. किल्ली मागायला तो बाजेपाशी गेला, तेव्हा मोठेबाबांनी आखडलेल्या बोटांचा हात पुढे केला.

"पिशव्या दाखव."

मुलाने पिशव्या दिल्या. त्यांनी त्या चाचपून मोजल्या. तीन.

चौथी हवेच्या तोंडावर होती. रंगाने काळी, नळीही काळी. भर उन्हात तिघांपैकी एकालाही दिसली नव्हती. मुलगा शरमला. ती काढली, भिंतीवरची चौथी रेघ पुसली, आणि मग किल्ली मिळाली. गाडी एका हाकेत सुरू झाली. पाच मिनिटे ती नुसती चालू ठेवून आम्ही तिघेही कान देऊन ऐकत होतो.

पूजेचे ताट माझ्या बायकोने आणले. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. आमच्या घरी १९८९ पासून गाडीच्या ताटात दिवा नसतो. निरांजन आत, उंबऱ्याच्या पलीकडे लावतात आणि तिथूनच ओवाळतात. मुलाने या वर्षी प्रथमच विचारले, "आबा, आपल्याकडे असं का?"

"वाऱ्याचं घर हाय आपलं," मोठेबाबा म्हणाले.

मी मुलाला बाजूला घेतले आणि बाजेच्या कडेला बसून त्याला सगळे सांगितले. मोठेबाबा ऐकत होते. मध्येच एकदा त्यांनी मला थांबवले. म्हणाले, ताट चार-पाच हातांवर नव्हतं, चांगलं आठ हातांवर होतं.